सुटीचा प्रवास : पायीं, बोटीनें कीं मोटारीनें?

वर्षांतून एकदां घरोघर एक प्रश्न निघतो. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, रजेचा अर्ज मंजूर झालेला असतो, बाजूला टाकलेले चार पैसे हाताशीं असतात, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर कोणी तरी विचारतें, "यंदा जायचें कोठें?" मग महाबळेश्वरापासून काश्मीरपर्यंत सर्व स्थळांचीं नांवें निघतात, प्रत्येकाला कोणाचा तरी आक्षेप येतो, आणि शेवटीं ज्याच्या हातीं घरची थैली असते त्याच्या मनांतलें गांव ठरतें. मला आज एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, "कोठें" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न "कसें" हा होय. आणि या पहिल्या प्रश्नाच्या पोटांत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. तो असा कीं, बरोबर येणार कोण? पायीं जावयाचें, बोटीनें जावयाचें कीं मोटारीनें जावयाचें हें ठरवितांना घरांतल्या कोणाला बरोबर घ्यावयाचें आणि कोणाला मागें ठेवावयाचें हेंच आपण नकळत ठरवीत असतों.

उदाहरणादाखल आपण मुंबईहून कोंकणांत आणि पुढें गोव्याकडे जाण्याची कल्पना करूं. कारण या एकाच मुलखांत तिन्ही वाटा आपल्याला मोकळ्या आहेत. एका बाजूला सह्याद्रि, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून सडक. १९९८ सालच्या जानेवारीपासून या मुलखांतून रेल्वेही सरळ धांवूं लागली आहे. पण आगगाडी ही माणसाला पोहोंचविण्याकरितां आहे. ज्याला प्रवासांतच सुटी घालवावयाची आहे, त्याच्यापुरती ती आपण तूर्त बाजूला ठेवूं.

प्रथम पायांचा विचार करूं. चालणें हें प्रवासाचें सर्वांत जुनें साधन असलें, तरी मौजेसाठीं चालणें ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. १८५७ सालीं कुलाबा जिल्ह्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले ते हौसेनें नव्हे, तर घरचें कर्ज फेडण्यासाठीं चार पैसे मिळवावे म्हणून. वाटेंत त्यांना बंडाच्या धामधुमीनें गांठलें आणि झांशीचा पाडाव त्यांना जवळून पाहावा लागला. १९०७ सालीं त्यांचें 'माझा प्रवास' हें पुस्तक छापून निघालें. तें आज वाचतांना वाटतें, हा गृहस्थ गाडींत बसून गेला असता, तर एवढें पुस्तक झालें नसतें. पायीं चालणाऱ्याला माणसें भेटतात. तो पाणी मागतो, वाट विचारतो, ओटीवर टेकतो. त्याला कोणाची तरी गरज लागते, आणि ज्याला गरज लागते त्याच्याशींच लोक मोकळेपणानें बोलतात.

तथापि, चालण्याचा हिशेब भावनेनें करूं नये. स्कॉटलंडांतील विल्यम नेस्मिथ नांवाच्या गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक साधा आडाखा घालून दिला. आपल्या मापांत सांगावयाचा तर, सपाटीवर दर पांच किलोमीटरांना एक तास धरावा आणि चढणीच्या दर सहाशें मीटरांना आणखी एक तास मिळवावा. म्हणजे १५ किलोमीटर वाट आणि सहाशें मीटर चढ असेल, तर चार तास झाले. पण हे चार तास सराव असलेल्या आणि कोठेंही न थांबणाऱ्या माणसाचे. आपल्या कुटुंबांत मुलें असतील, पाठीवर ओझें असेल, वर ऊन असेल, तर त्यांत निदान निम्म्यानें भर घालावी. हा हिशेब न करतां निघालेल्या मंडळींना डोंगरांतच अंधार गांठतो. ऋतूचेंही तसेंच आहे. वैशाखांत सह्याद्रीच्या उघड्या धारेवर चालणें हा आनंद नसून प्रायश्चित्त आहे. पाऊस ओसरल्यापासून माघ महिन्यापर्यंतचा काळ खरा चालण्याचा. १६६० सालच्या जुलै महिन्यांतील त्या रात्रीचें स्मरण म्हणून पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंतची सुमारें ५० किलोमीटरांची वाट दर वर्षीं भर पावसांत शेंकडों लोक चालतात, हें खरें. पण ते जाणत्यांच्या सोबतीनें आणि आधीं सराव करून जातात.

यावरून चालणें हें फक्त तरुणांचें काम असा समज होईल. तो पुरता खरा नाहीं. आळंदीहून पंढरपूर सुमारें २५० किलोमीटर आहे, आणि ती वाट सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्या दर आषाढांत चालून जातात. हें कसें घडतें? श्रद्धेचा भाग आहेच. परंतु व्यवस्थेचाही आहे. मुक्काम आधींच ठरलेले असतात, दिंडीचें सामान वाहनांतून पुढें गेलेलें असतें, स्वयंपाकाची तजवीज झालेली असते आणि रोजची मजल बेताची असते. वारकऱ्याला फक्त चालावयाचें असतें. आमच्यांतील पुष्कळ उत्साही मंडळी याच्या उलट करतात. चार दिवसांची वाट दोन दिवसांत काढावयाची, आणि पाठीवर सारा संसार! मग ज्याची चाल मंद, तो सर्वांना अडचण वाटूं लागतो आणि पुढच्या वर्षीं तो आपण होऊनच "मी येत नाहीं" म्हणतो. चालणाऱ्या मंडळीची गति ही तिच्यांतील सर्वांत मंद माणसाची गति असली पाहिजे. ही अट ज्यांना मान्य असेल, त्यांनींच घरच्यांना घेऊन पायीं निघावें.

आतां बोटीकडे वळूं. जहाजें पूर्वीं माणसाला पलीकडच्या कांठावर नेण्यासाठीं निघत. कोठेंही जावयाचें नसतां जहाजांत बसून फिरून परत यावें, ही कल्पना एका व्यापारी अडचणींतून पुढें आली. हिवाळ्यांत अटलांटिक महासागरावर उतारू कमी मिळत आणि मोठालीं जहाजें बंदरांत रिकामीं पडत. तेव्हां १८९१ सालच्या जानेवारींत जर्मनीतील एका कंपनीनें 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हें आपलें जहाज हौशी प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्रांत हिंडविलें. आजच्या जलविहाराच्या प्रचंड व्यवसायाचें मूळ बरेंचसें अशा सफरींत आहे. त्यांत विकली जाते ती मुख्यतः बोट. बंदरें ही वरकड. हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे पुढें निराशा होत नाहीं.

आपल्या किनाऱ्यावरची जुनी आगबोट मात्र पोहोंचविणारीच होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लें या बंदरांच्या समोर ती उभी राही आणि माणसें पडावांतून कांठाला लागत. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोंकणी माणसाचें सारें सुखदुःख त्या बोटीवरून गेलें. तिच्याच आठवणींत एक काळा दिवसही आहे. १९४७ सालच्या १७ जुलैला भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. पावसाळ्यांत समुद्राला गृहीत धरूं नये, ही गोष्ट कोळ्यांना कोणी शिकवावी लागत नाहीं. नारळी पौर्णिमेपर्यंत ते होड्या ओढून ठेवतात. आपण शहरवासीयांनींही ती मर्यादा पाळावी. समुद्राची सहल कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत करावी, हें उत्तम.

ती जुनी उतारू बोट केव्हांच बंद झाली. आज मुंबईहून निघणारें मोठें विहारजहाज कोंकणच्या खाड्यांत शिरूं शकत नाहीं. तें बहुधा एकदम गोव्याला मुरगांवच्या बंदरांत थांबतें. म्हणजे ज्यांना हर्णैचा बाजार पाहावयाचा आहे, मालवणचें जेवण जेवावयाचें आहे, त्यांनीं या बोटीवर चढूं नये. शिवाय बंदरांत थांबणें कांहीं तासांचेंच असतें आणि ठरल्या वेळीं बोट हलते. ती कोणाच्या मामासाठीं खोळंबत नाहीं. तिकिटाच्या रकमेंत खोली आणि सामान्यतः जेवण येतें, परंतु पेयें आणि कांठावरच्या सहली यांचा आकार बहुधा निराळा असतो. तो आधींच विचारून घ्यावा, नाहीं तर हिशेबाच्या वेळीं चेहरे उतरतात.

इतकें सांगून मी बोटीच्या बाजूनें एक गोष्ट सांगणार आहें, आणि माझ्या मतें ती फार वजनदार आहे. आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंचे गुडघे गेली दहा वर्षें दुखत आहेत. घरचीं माणसें दर वर्षीं कोठें तरी जात आणि आजीबाई आपण होऊन घर राखीत. "मला काय पाहायचें आहे आतां!" असें त्या म्हणत आणि सर्वांना तें खरें वाटे. एका वर्षीं नातीनें हट्ट धरून त्यांना तीन दिवसांच्या सफरीला नेलें. परत आल्यावर त्यांनीं सूर्यास्ताचें वर्णन केलें नाहीं. त्या म्हणाल्या, "तीन दिवस मला कोणी विचारलें नाहीं कीं, आज भाजी काय करायची." त्यांच्या सुनेनें हें वाक्य ऐकलें आणि ती कांहीं बोलली नाहीं. पण त्या घरांत खरी सुटी कोणाला मिळत नव्हती, तें त्या दिवशीं सर्वांना कळून चुकलें. ज्या व्यक्तीच्या कामाला रविवार नाहीं, तिला अशी सफर जें देते तें डोंगर देऊं शकत नाहीं आणि सडकही देऊं शकत नाहीं. तेथें स्वयंपाक दुसरा करतो, अंथरूण दुसरा घालतो, आणि गांव आपल्यापुढें चालत येतें.

राहतां राहिली मोटार. आज मध्यम स्थितींतल्या पुष्कळ घरांचा कल तिच्याकडेच असतो. तिच्या इतिहासांत आपल्या भगिनीवर्गाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. कार्ल बेन्झनें मोटार बनविली, परंतु ती लांब पल्ल्याला नेण्याचें धाडस प्रथम केलें तें त्याच्या बायकोनें. १८८८ सालच्या आगस्टांत बर्था बेन्झ ही आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगतां, मानहाइमहून सुमारें शंभर किलोमीटरांवरील फोर्ट्सहाइम या गांवीं मोटार घेऊन गेली. वाटेंत इंधन संपत आलें तेव्हां तिनें तें औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. आणि फोर्ट्सहाइम हें काय होतें? तें तिचें माहेर होतें! लांबचा पहिला मोटारप्रवास ही माहेरची वाट होती, हें ऐकून कोणत्या मराठी घरांत आनंद होणार नाहीं?

मोटारीचें सुख एका शब्दांत सांगावयाचें तर तें स्वातंत्र्य होय. वाटेल तेव्हां निघावें, फणस दिसला कीं थांबावें, मुलाला झोंप आली तर मांडीवर घ्यावें. पण या स्वातंत्र्याचें ओझें कोणाच्या तरी खांद्यावर पडतें. जो गाडी हांकतो त्याला कर्नाळ्याचें रान दिसत नाहीं. त्याला पुढच्या मालमोटारीची पाठ दिसते. जी डबे भरते ती आदल्या रात्रीं बारा वाजेपर्यंत जागी असते. आणि वाट कोणती घ्यावी, कोठें जेवावें, कोठें राहावें, या प्रत्येक वळणावर एकेक वाद उभा राहतो. मुंबई-गोवा महामार्गाचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेण्यांत आलें आणि तें एका तपाहून अधिक काळ रेंगाळलें. त्या काळांत या वाटेनें गेलेल्यांना मोटारीचें स्वातंत्र्य म्हणजे काय तें नीट ठाऊक आहे. पावसाळ्यांत तर अधिकच जपावयास हवें. २०१६ सालच्या २ आगस्टच्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतला पूल महापुरांत वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नाहींशा झाल्या. पुढच्या वर्षीं तेथें नवा पूल झाला. पण मुसळधार पावसांत रात्रीं घाट उतरूं नये आणि पुलावर पाणी असतां गाडी घालूं नये, हा धडा जुना झालेला नाहीं. गाडी हांकणाऱ्यानें दर दोन तासांनीं उतरून पाय मोकळे करावे आणि एका दिवसांत तीनशें किलोमीटरांपलीकडे जाण्याचा मोह टाळावा. अधिक जाणें म्हणजे सुटींत नोकरी करणें होय.

येथें आपल्या भाषेंतली एक गंमत सांगतों. आपण म्हणतों, "मला बोट लागते," "मला गाडी लागते." डोळे सांगतात कीं आपण स्थिर आहों, आणि कानाच्या आंतला तोल सांभाळणारा भाग सांगतो कीं आपण हलत आहों, या दोघांच्या भांडणांत पोट बिचारें ढवळून निघतें. म्हणून गाडी लागणाऱ्यानें पुढें बसून दूरच्या रस्त्याकडे पाहावें, पुस्तक वाचूं नये. आणि बोट लागणाऱ्यानें मधल्या भागांतली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी आणि मळमळूं लागतांच वर येऊन क्षितिजाकडे पाहावें. पायीं चालणाऱ्याला यांपैकीं कांहींच लागत नाहीं. त्याला भूक लागते आणि झोंप लागते.

मग निवड करावी कशी? माझ्या मतें तीन प्रश्न क्रमानें विचारावे. पहिला, घरांत सर्वांत थकलेलें माणूस कोण? दुसरा, सर्वांत मंद चालणारें माणूस कोण? तिसरा, दिवस किती आणि ऋतु कोणता? थकलेली व्यक्ति घरकामानें थकलेली असेल, तर बोट घ्यावी. ती कचेरींत बसून, कागदांवर डोळे लावून थकलेली असेल, तर तिला चालूं द्यावें. तिच्या पायांना काम आणि डोक्याला विश्रांति हवी आहे. आणि घरांत तीन पिढ्या असतील, प्रत्येकाची आवड निराळी असेल, तर मोटार बरी. मात्र हांकण्याचें आणि डबे भरण्याचें काम वांटून घ्यावें, किंवा डबे मुळींच भरूं नयेत. कोंकणांत खानावळी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बायकांच्या हाताला चव आहे.

शिवाय, तिन्हींतून एकच घेतलें पाहिजे असेंही नाहीं. २०२० सालच्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट माणसें नेणारी मोठी बोट सुटते. तासाभराचा तो समुद्र आजीबाईंना पुरे होतो. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, मुरूड असे कांठाकांठानें जावें. पुढें आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला गाडीसकट खाडी ओलांडतां येते. लोक त्या तराफ्याला 'जंगल जेटी' म्हणतात. दाभोळची जेटी २००३ सालीं सुरू झाली आणि तिनें केवढा तरी वळसा वांचविला. गाडी तराफ्यावर चढली कीं हांकणाऱ्यालाही पंधरा मिनिटांची सुटी मिळते आणि तोही इतरांबरोबर खाडीचें पाणी पाहूं शकतो. हर्णैला पोहोंचल्यावर समोर सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत जे १२ मराठा किल्ले घेतले गेले, त्यांतला हा एक. हरिहरेश्वराची खडकांवरची प्रदक्षिणा ओहोटी असतांना, गांवकऱ्यांना वेळ विचारून करावी. आणि गुहागरच्या लांबच लांब पुळणीवर पहांटे घरांतल्या सर्वांनीं मिळून तासभर चालावें. ज्यांना अधिक चालणें झेपेल त्यांनीं पुढें जावें, बाकीच्यांनीं सुरूच्या बनांत बसावें. पांच-सहा दिवसांच्या अशा फेरींत तिन्ही साधनें येतात, आणि मुख्य म्हणजे कोणी घर राखावयाला मागें राहत नाहीं.

श्रोतेहो, सुटी ही पगारासारखी घरांत एकट्यानें आणावयाची वस्तु नाहीं. मुलें मोठीं होऊन निघून जातात, आजीआजोबा थकत जातात. सर्वांनीं मिळून निघण्याचीं वर्षें कोणत्याही घराच्या नशिबीं फार थोडीं असतात. म्हणून यंदा नकाशा उघडण्यापूर्वीं, किंवा हातांतल्या भ्रमणध्वनीवर तिकिटांचे भाव पाहण्यापूर्वीं, घरांतल्या ज्या माणसाला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाहीं, त्याला तो विचारा: "तुम्हांला कसें जायला आवडेल?" उत्तर लगेच येणार नाहीं. "माझें काय, तुम्ही ठरवाल तें," असेंच तें माणूस पहिल्यांदा म्हणेल. तेव्हां दुसऱ्यांदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिकिटें काढूं नका.